केस नाहीत, मग गजरा कुठे माळू?

प्रश्न : ताई नमस्कार. माझं वय २९, मिरजेत राहते, एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी कानामागे रुपयाएवढी चाई पडली, म्हटलं येतील केस, पण ती वाढतच गेली आणि आता डोक्यावर एकही केस नाही, वर भुवया पण गेल्यात. डॉक्टर अलोपेशिया टोटॅलिस म्हणाले. विग घेतलाय पण दिवसभर जीव मुठीत, सरकेल का, गाडीवर उडेल का, कोणी ओळखेल का. ऑफिसात कुणालाच माहीत नाही. नवरा म्हणतो मला काही फरक पडत नाही, अरे पण मला पडतो ना! डिसेंबरमध्ये धाकट्या दिराचं लग्न आहे, सगळ्या जावा नऊवारी, खोपा, गजरा असं ठरवतायत आणि सासूबाई मला हळूच म्हणाल्या, तू फोटोत जरा मागेच उभी रहा हं. प्रेमाने म्हणाल्या पण रात्रभर झोप नाही लागली. टकली बाई सुंदर दिसू शकते का, खरं सांगा, उगाच बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.
— आरशाशी कट्टी

उत्तर : हो, दिसू शकते. मला स्वतःला कॉलेजपासून हाच आजार आहे त्यामुळे बरं वाटावं म्हणून लिहायची मला गरजच नाही.

आपल्याच मुंबईची पर्सिस खंबाटा आठवते का, तुझ्या आईला विचार. १९६५ ची मिस इंडिया. तिने हॉलिवूडच्या स्टार ट्रेक सिनेमासाठी डोकं साफ भादरलं, १९७९ साली तो आला, आणि अख्ख्या जगाला ती लक्षात राहिली ती त्या टकलासकट. तू म्हणशील ती मिस इंडिया होती, तिचं काय. बरोबर आहे, पण तिचे फोटो नीट बघ. केस गेले की उरतो तो चेहराच, म्हणजे डोळे, गालाची हाडं, कान, मान, जे एरवी केसांच्या सावलीत असतं ते सगळं एकदम पुढे येतं. त्यामुळे जी टिकली आधी नुसती टिकली होती ती आता सगळ्यात आधी दिसते, झुमक्यांचं पण तेच. केसवाल्या बायकांना जे दागिने अंगावर येतात ते आपल्याला शोभतात, हा माझा अनुभव आहे.

आता तुझा खरा त्रास. तो टकलाचा नाहीये गं, विगचा पण नाहीये, तो पकडलं जाण्याचा आहे. मी पण काही वर्षं तशीच काढली, लोकलमध्ये दाराजवळ उभी राहायचे नाही, लहान मूल कडेवर घ्यायचे नाही कारण मुलं हात थेट केसांनाच घालतात. माणूस थकतो त्या पहाऱ्याने. म्हणून माझा सल्ला असा की विग घालायचा तर खुशाल घाल, पण आधी सांगून टाक. ऑफिसात सगळ्यांना नाही, एका बडबड्या बाईला सांग, बाकीचं ती करेल 😀 वाक्य आधीच तयार ठेव, माझं असं आहे, "मला चाईचा आजार आहे, कुणाला लागत नाही, तब्येत ठणठणीत आहे, आणि हा विग आहे, कसा दिसतो?" तब्येतीचं मुद्दाम घालायचं, नाहीतर लोकांना पहिला कॅन्सरच आठवतो आणि ते आवाज खाली करून बोलायला लागतात. शेवटचा प्रश्न पण मुद्दाम, म्हणजे समोरच्याला काहीतरी बोलायला मिळतं. एकदा सांगून झालं ना की विग हा दागिना होतो, हवा तेव्हा घातला, उकडलं तर काढून ठेवला.

सांगितल्यावर सल्ले येणार, त्याची तयारी ठेव. कांद्याचा रस, माक्याचं तेल, जास्वंद, कुणीतरी गुंजा उगाळून लाव म्हणेल. ते मात्र अजिबात नको, गुंजेचं बी विषारी असतं. तेलाने केस येतील म्हणणाऱ्याला सांग की आपली स्वतःचीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटलीये, तेल तिथे काय करणार! फक्त टेन्शनने झालं असंही कुणाकडून ऐकून घेऊ नकोस. मुळं मेलेली नसतात म्हणून केस कधीकधी परत येतात, आणि काही वेळा पुन्हा जातात, हा आजार असाच लहरी. डॉक्टरांनी थायरॉइड तपासलंय ना, नसेल तर विचार. नव्या गोळ्यांबद्दल पण विचार, बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून २०२२ मध्ये याच आजारासाठी मंजुरी मिळाली. मोठ्या डोसवर ३६ आठवड्यांत साधारण तीनातल्या एका पेशंटच्या डोक्याचा बहुतेक भाग केसांनी भरला, म्हणजे दोघांचा नाही भरला हे पण लक्षात घे. टीबीची तपासणी, रक्ततपासण्या, इन्फेक्शनचा धोका हे सगळं त्यात येतं आणि गोळी थांबवली की केस पुन्हा जाऊ शकतात. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांग. घ्यायची की नाही ते तुम्ही दोघी मिळून ठरवा, म्हणजे तू आणि तुझी डॉक्टर, घरातली अख्खी पंचायत नाही. आणि केस येतील तेव्हा फोटो काढू, तेव्हा लग्नाला जाऊ, असं मात्र करू नकोस, कारण वर्षं जातात तशीच.

सासूबाईंबद्दल. त्यांचा राग येणं साहजिक आहे, मला वाचूनच आला. पण लग्नघरात बाईचं उघडं डोकं बघून आपल्याकडे लोक का चपापतात ते माहितीये ना, आपल्या खापरपणज्यांच्या काळात विधवेचं केशवपन व्हायचं, लाल आलवण नेसवून तिला कोपऱ्यात बसवायचे, मंगलकार्यात तर तिचं तोंड बघायचं नाही. ही पद्धत इतकी वाईट होती की १८९० मध्ये मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. पद्धत गेली पण दचकणं राहिलं बघ. तिरुपतीला बाया हौसेने डोकं करून घेतात, तिथे कुणी वळून बघत नाही, आणि आपल्या हॉलमध्ये सगळे बघणार. (गंमत म्हणजे तिरुपतीला दिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि त्यांचे विग पण बनतात, तुझ्या डोक्यावर कुणाचा तरी नवस असू शकतो.) तर सासूबाईंशी भांडायला तू जाऊ नकोस. हे तुझ्या नवऱ्याने आपल्या आईला सांगायचं की माझी बायको माझ्या शेजारी पुढच्या रांगेत उभी राहणार. मला फरक पडत नाही म्हणणं सोपं असतं, तेच आईसमोर म्हणून दाखव म्हणावं.

आता लग्नाचं बघू, तो खरा मजेचा भाग आहे. खोपा हवाच असेल तर विग आदल्या दिवशीच पार्लरवालीकडे दे, ती स्टँडवर लावून निवांत खोपा घालेल, डोक्यावर असताना पिना टोचत बसायची गरज नाही. सिंथेटिक विग असेल तर गॅसपाशी, होमापाशी वाकू नकोस, उष्णतेने तो आकसतो. दुसरा पर्याय मला जास्त आवडतो, विगच नको. गडद रंगाची नऊवारी, मोत्यांची नथ, ठसठशीत चंद्रकोर, कानात मोठे झुमके किंवा बुगड्या, आणि गजरा मनगटावर. दोन पदरी घे, सैल गुंडाळ. नंतर ऊन लागलं तर पदर घे डोक्यावर. सकाळी बाहेर पडताना टाळूला सनस्क्रीन विसरू नकोस, टाळू फार पटकन भाजते आणि मग फोटोत टोमॅटो. चमक नको असेल तर वरून थोडी कॉम्पॅक्ट फिरव.

भुवयांवर मात्र वेळ घालव, चेहऱ्याचा भाव सगळा तिथे असतो. पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धर, ती वर जिथे टेकते तिथे भुवईची सुरुवात. मग तीच नाकपुडीवरून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरकी धर, तिथे शेवट. दोन ठिपके दे आणि मधे एक सलग रेघ न ओढता बारीक बारीक फटकारे मार, केस उगवतात त्या दिशेने. रंग काळाभोर नको, गडद तपकिरी घे. वॉटरप्रूफच हवी, कारण भुवया नसल्या की कपाळावरचा घाम सरळ डोळ्यात उतरतो, त्यामुळे रुमाल पण हाताशी ठेव. पहिले चार-पाच दिवस एक भुवई चिडलेली आणि एक चकित दिसेल, म्हणून आत्तापासूनच सराव कर.

आणि फोटो मला पाठव, पुढच्या रांगेतला.

प्रश्न : वय ५४, नाशिक. स्तनाच्या कॅन्सरची किमो संपून आता दोन महिने झाले, केस बारीक बारीक यायला लागलेत, घरचे खूश आहेत. पण खरं सांगू का, मला टक्कलच आवडायला लागलंय! डोकं हलकं वाटतं, आंघोळ पाच मिनिटांत होते. आता कायम असंच ठेवावं वाटतं, पण मुलगी म्हणते आई लोक काय म्हणतील, अजून आजारी आहे असं वाटेल त्यांना. हे विचित्र आहे का हो?

उत्तर : मुळीच नाही. २०१८ मध्ये सोनाली बेंद्रेने उपचार चालू असताना टकलासकट फोटो टाकले तेव्हा लोक हळहळले, तुमच्या मुलीला तीच हळहळ नको असेल. तिचा मुद्दा तेवढ्यापुरता खरा आहे, आजारी समजून भाजीवाला पण सहानुभूती दाखवेल. त्याला सांगायचं, बरी आहे हो, हौस आहे. चार वेळा सांगितलं की गल्लीला सवय होते.

मुलीला एवढंच विचारा की आजारपणात तिने ते डोकं रोज बघितलंय, आता तिला परत ते बघायला भीती वाटते का. 'लोक काय म्हणतील' यापेक्षा बहुधा तेच कारण असेल, आणि तसं असेल तर तिला थोडा वेळ द्या, केस इंचभर वाढू द्या आणि मग तिच्याच हातात ट्रिमर द्या. वस्तरा सध्या नको, किमो संपून थोडेच दिवस झालेत, छोटीशी जखम पण चिघळू शकते, त्यामुळे पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारून घ्या. ट्रिमर शून्य नंबरला लावला तरी पुरतो.