फ्लरीची बाटली आणि अथणीचा बागायतदार

प्रश्न : मी बेदाणा करतो. पाच एकर थॉमसन जातीची द्राक्षं, बांधाकडेला थोडी काळी शरद. पुतण्या नोकरीला फ्रान्समध्ये ल्योंला असतो. दिवाळीला येताना त्यानं रेड वाइनची बाटली आणली. लेबलवर 'फ्लरी' लिहिलंय, द्राक्ष मात्र 'गामे' आहे म्हणतो. याआधी घेतलेली रेड वाइन कच्च्या जांभळासारखी तोंड आवळायची. ही पातळ, नुसत्या फळाच्या वासाची. पोराला तिकडं कुणी गंडवलं का? आणि ही जात आपल्याकडं लावली तर?
– एक बागायतदार, अथणी तालुका

उत्तर : पाव्हणं, पोराला कुणी गंडवलेलं नाही. उलट चांगली बाटली आणलीय. फ्लरी हे गावाचं नाव. ल्योंच्या वरच्या अंगाला बोजोले नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या दहा नावाजलेल्या भागांतला हा एक. फ्रेंच लोक अशा बाटलीवर सहसा गावच लिहितात, द्राक्षाची जात लिहीत नाहीत. तिथली रेड म्हटली की गामेच, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं.

जातीचं पूर्ण नाव 'गामे न्वार आ ज्यू ब्लाँ', म्हणजे पांढऱ्या रसाचं काळं गामे. तुमच्याच शरदचा एक मणी चिमटीत दाबून बघा. आतला गर पांढुरकाच निघेल. रंग आणि तुरटपणा येतो तो मुख्यतः सालीतून आणि बियांतून. साल-बिया रसात किती दिवस आणि कशा मुरवल्या, त्यावर वाइन तोंड आवळणार की नाही ते ठरतं.

बोजोलेत यातच खरी गंमत आहे. घड हातानं तोडून, मणी न चिरडता, अख्खेच्या अख्खे टाकीत भरतात. तळचे मणी वरच्या ओझ्यानं फुटतात आणि त्यांचा रस आंबायला लागतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीत कोंडून राहतो. मग वरच्या अख्ख्या मण्यांत, साल शाबूत असतानाच, आतल्या आत आंबणं सुरू होतं. म्हणून रंग रसात उतरतो, पण तुरटपणा फारसा उतरत नाही. वास येतो स्ट्रॉबेरीचा, चेरीचा, कधी चक्क पिकल्या केळ्याचा. त्याच वर्षीच्या द्राक्षांची 'बोजोले नूव्हो' तर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. फ्लरी तिच्यापेक्षा भारदस्त.

या द्राक्षाला शिव्या खूप बसल्यात. 1395 साली फ्रान्समधल्या बर्गंडीचा ड्यूक, धाडसी फिलिप, यानं हे 'बेइमान झाड' उपटून टाकायचा हुकूम काढला. पीक भरघोस यायचं, पण ड्यूकच्या लाडक्या पिनो न्वार द्राक्षापुढं चव हलकी. (आजचं विज्ञान सांगतं की गामे हे पिनोचंच पोर.) बर्गंडीच्या दक्षिण हद्दीपलीकडं, बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत, त्याचं बस्तान बसलं. एकानं हुसकावलेलं हद्दीपलीकडं रुजतं, हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला फोड करून सांगायला नको.

आता तुमची चूक सांगतो. बाटली कपाटातून काढून तशीच प्यायलात ना? मीही केलीय. बेळगावच्या टिळकवाडीत परत येण्याआधी बावीस वर्षं गोव्यात हॉटेलात होतो. नवा असताना मे महिन्यात एका फ्रेंच बाईंना बोजोले दिली, 'रेड वाइन खोलीच्या तापमानाला' हे पाठ केलेलं. बाईंनी एक घोट घेतला, ग्लास बाजूला सारला आणि बर्फाची बादली मागवली. खोली म्हणजे त्यांच्याकडची गार खोली, आपली चौतीस अंशांची नव्हे! गामे तेरा-चौदा अंशांवर प्यावी. त्यासाठी फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवा.

सोबत भडंग चालेल, सुक्कं मटण तर फारच छान. तिखटापुढं तुरट वाइन जिभेला झोंबते, ही झोंबत नाही. कुंदा मात्र लांब ठेवा. गोडावर ही नुसती आंबट लागेल.

लावायचं म्हणाल तर माझा सल्ला नको असाच. गामे थंड मुलखातलं. तिकडं वेल हिवाळाभर झोपते आणि छाटणी एकदाच. आपल्याकडं एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि मार्चचं ऊन. गामे लवकर पिकणारी जात, आपल्या उन्हात साखर चढेल आणि आंबटपणा उडेल. मग त्या हलक्या वाइनमध्ये उरणार काय? शिवाय मणी बारीक, बियांचे. वायनरीनं माल नाकारला तर ना खायला विकता येईल, ना बेदाण्याला शेडवर टाकता येईल. थॉमसनला निदान तेवढा आधार आहे.

अर्धी बाटली उरली असेल तर बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दोन-तीन दिवस टिकेल. पुढं चव उतरली तर मटण शिजताना त्यात ओता, पण घरच्यांना आधी विचारून.