मेंदूला करंट देऊन लघवीवर ताबा येतो का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना पार्किन्सन आहे, लघवी लागली की बाथरूमपर्यंतही थांबवल्या जात नाही, तर मेंदूत करंट देऊन फरक पडतो का. माझ्या बाबांचं सेम होतं म्हणून लिहितेय, आम्ही पण नागपूरचेच.

फरक पडू शकतो, पण निव्वळ लघवीसाठी ते ऑपरेशन करत नाहीत. पिशवी भरत आली की निरोप मणक्यातून वर मेंदूत जातो, मेंदूचा पुढचा भाग "आत्ता नको, थांब" म्हणून दाबून धरतो आणि वरून हो आलं की मगच पिशवी आवळते. पार्किन्सनमध्ये हे दाबून धरणंच कमजोर होतं, म्हणून एरवी ४००-५०० मिली आरामात मावतं तिथे थोडीशी साचली तरी जोरात लागते. बाबांचं डीबीएस, म्हणजे मेंदूत करंट द्यायचं हे ऑपरेशन, हातपाय कडक व्हायचे म्हणून केलं, त्यात मेंदूत खोलवर बारीक तारा घालतात आणि बॅटरी छातीत कातडीखाली बसवतात. आधी रात्री मापाच्या मगमध्ये एका वेळी जेमतेम ९० मिली दिसायचं, सहा महिन्यांनी १८०-२०० यायला लागलं, पाच वेळा उठायचे ते दोनदा. अभ्यासांतही असंच दिसलंय की पिशवीत जास्त मावतं आणि लागल्याची जाणीव उशिरा होते, पण सगळ्यांनाच होईल असं नाही हो. डोक्याला बाहेरून करंट किंवा मॅग्नेट लावायचे प्रकार लघवीसाठी अजून प्रयोगातच आहेत, ऑनलाइन मशीन बघून पैसे घालवू नका प्लीज.

ऑपरेशनचा विचार करायच्या आधी तीन दिवस वही ठेवा, किती वाजता, किती मिली, कपडे ओले झाले का. ती घेऊन युरोलॉजिस्टकडे जा, प्रोस्टेट आणि इन्फेक्शन तपासून घ्या. घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका करंट देतात, आठवड्यातून एकदा अर्धा तास असे १२ आठवडे, त्याबद्दल विचारा, डोक्याला हात लावायची गरज नाही त्यात. गोळ्या दिल्या तर विसरभोळेपणा वाढणार नाही ना हेही विचारा, काही जुन्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ वाढतो.

आणि पाणी तोडू नका. मे महिन्यात आम्ही तेच केलं, नागपूरचं ऊन, लघवी गडद पिवळी, आग व्हायला लागली आणि वर बद्धकोष्ठता. फक्त संध्याकाळनंतर थोडं कमी द्या.

पायजमे इलॅस्टिकचे घ्या. बाबा दारापर्यंत वेळेत पोचायचे, पण थरथरत्या बोटांनी नाडीची गाठ सुटायची नाही.