आतड्याचे पथ्य : काय चालते, किती चालते आणि डब्यावर काय लिहिले आहे

तपासण्या स्वच्छ येतात, पण पोट दुखते, फुगते आणि शौचाची घडी बसत नाही. अशा आयबीएसच्या, म्हणजे ‘इरिटेबल बाउल सिंड्रोम’च्या, त्रासात हल्ली डॉक्टर ‘लो फॉडमॅप’ पथ्य सुचवतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात आकाराला आलेल्या या पथ्यात लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या शर्करा काही आठवडे कमी करतात. कांदा, लसूण आणि गव्हातले फ्रुक्टन, कडधान्यांतले गॅलेक्टन, दुधातले लॅक्टोज, मध आणि आंब्यातले जादा फ्रुक्टोज, शिवाय सॉर्बिटॉल-मॅनिटॉल या त्या शर्करा. त्या आतड्यात पाणी ओढतात आणि पुढे मोठ्या आतड्यात आंबून वायू करतात. आतडे हळवे असेल तर तो ताण कळ होऊन जाणवतो. या पथ्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न घेतले आहेत.

कांदा-लसूण बंद केल्यापासून घरात कोणी नीट जेवत नाही. लसणाची पाकळी आमटीत उकळून काढून टाकली तर चालेल का? आणि हिंग? (गृहिणी, पुणे)

उकळून काढलेली पाकळी चालणार नाही. फ्रुक्टन पाण्यात विरघळते. पाकळी बाहेर आली तरी ते आमटीत उतरलेले असते. अख्खा कांदा रश्श्यात सोडून नंतर काढला तरी तेच होते.

तेलात मात्र फ्रुक्टन उतरत नाही, लसणाचा वास उतरतो. १०० मिली तेलात सहा-सात पाकळ्या अर्ध्या करून टाका आणि अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे ठेवा. कडा सोनेरी झाल्या की तेल बारीक गाळणीतून गाळा, लसणाचा कणही राहू देऊ नका. फोडणीत आधी पाण्याचा अंश असलेले काही, म्हणजे टोमॅटो किंवा भाजी, पडले असेल तर त्यात लसूण घालून काढण्याचा उपयोग नाही. लसूण नेहमी नुसत्या तेलात आणि सगळ्यात आधी. हे तेल बाटलीत भरून ओट्यावर ठेवू नये. लसूण-तेलात हवा नसते, त्यामुळे बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्या-त्या दिवशी लागेल तेवढेच करावे, उरले तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावे.

कांद्याची चव पातीच्या हिरव्या भागातून मिळते. खालचा पांढरा भाग टाकून द्या. हिंग चिमूटभर चालतो, पण बाजारातला बांधानी हिंग बहुधा गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात आणि डिंकात मिसळलेला असतो. आयबीएसवाल्याला चिमटीतले गव्हाचे पीठ बाधत नाही. सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असणाऱ्याने मात्र तांदळाच्या पिठाचाच हिंग घ्यावा. घरचा गोडा मसाला सहसा चालतो. कांदा-लसूण मसाला तर नावातच सांगतो. खरी अडचण तयार पाकिटांची आहे: पावभाजी मसाला, सूप, चिवडा, मॅगीचा मसाला. घटकांत कांदा पावडर किंवा लसूण पावडर शोधा. सुकवलेला कांदा थोडा असला तरी त्यात फ्रुक्टन घट्ट झालेले असते.

पोळी सोडली, वरण-भातावर आले, तरी जेवणानंतर तासाभरात पोट डमरूसारखे होते. (छत्रपती संभाजीनगर)

एक आधी विचारतो: गहू सोडण्यापूर्वी सीलिअॅकची रक्ततपासणी, म्हणजे टीटीजी-आयजीए, झाली आहे का? गहू बंद असताना ती केली तर आजार असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. झाली नसेल तर डॉक्टरांशी बोला. पुन्हा गहू सुरू करून तपासणी करावी लागेल. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पंडुरोग किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, यांतले काहीही असेल तर पथ्य नंतर, तपासणी आधी.

आता वरण. डाळीतले गॅलेक्टन पाण्यात उतरते, पण कुकरमध्ये ते पाणी तिथेच राहते आणि वरणाबरोबर पोटात जाते. मूगडाळ रात्रभर भिजवा आणि ते पाणी ओता. उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात दहा मिनिटे उकळा, तेही पाणी ओता आणि नव्या पाण्यात शिजवा. चव थोडी उतरते, जिरे-आल्याची फोडणी ती सावरते. शिजलेली घट्ट डाळ पाव वाटीपासून सुरू करा. हरभरा, राजमा, चवळी पहिल्या, कडक टप्प्यात नकोत.

भाकरी ज्वारीची ठेवा. ‘मल्टिग्रेन’ पिठाच्या पाकिटावर पहिला घटक बहुतेक वेळा गहूच असतो. शेंगदाणे आणि तीळ चालतात, काजू नाहीत. कांद्याशिवाय दाणे घातलेले पोहे ही चांगली न्याहारी आहे. बटाटा, गाजर, काकडी, पालक यांत अडचण नाही, फ्लॉवर आणि मशरूम काढा. फळांत संत्रे, पपई, अननस. केळे जरा कडक असतानाच घ्या, कारण डाग पडलेल्या पिकल्या केळ्यात फ्रुक्टन वाढते.

आणि साबुदाणा खिचडीत भरमसाट तूप असेल तर शर्करा कमी असूनही पोट दुखेल. चरबीने आतड्याचे आकुंचन वाढते. तिखटाचेही तसेच आहे. यादीत ‘चालते’ लिहिले आहे याचा अर्थ कितीही चालते असा होत नाही.

बहिणीने अमेरिकेतून ‘स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट’ची यादी पाठवली. तिच्यात मध आणि कांदा चालतो, भात व बटाटा चालत नाही. तुमची यादी नेमकी उलटी. दोन्ही पाळू का? (डोंबिवली)

दोन्ही एकत्र पाळू नका, खायला काही उरणार नाही. ते वेगळे पथ्य आहे. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी ते मांडले आणि पुढे कॅनडातल्या एलेन गॉटशॅल यांनी लोकप्रिय केले. त्यात धान्य, पिष्ट आणि साखर बंद असते, एकेरी शर्करा म्हणून मध चालतो आणि २४ तास विरजलेले दही चालते. त्याचा वापर मुख्यतः क्रोन्ससारख्या आतड्याच्या दाहक आजारात होतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत क्रोन्सच्या रुग्णांत ते भूमध्यसागरी आहारापेक्षा सरस ठरले नाही. तुमचे निदान आयबीएस असेल तर बहिणीची यादी बाजूला ठेवा. एक गोष्ट मात्र त्यातून घेण्यासारखी आहे: दही जितके जास्त वेळ विरजते तितके लॅक्टोज कमी होते. पंच्यात टांगून चक्का केला की निवळीबरोबर आणखी जाते.

जेवणानंतर बडीशेपेचा काढा घेतो. तो तर पाचक ना? (सांगली)

जेवणानंतर चिमूटभर बडीशेप चघळा, हरकत नाही. काढा मात्र या पथ्यात बसत नाही, कारण बडीशेपेतले फ्रुक्टन गरम पाण्यात उतरते. आल्याचे किंवा पुदिन्याचे पाणी घ्या.

इसबगोल, प्रोबायोटिक, ग्लुटामाइन, मल्टीव्हिटॅमिन… दुकानदाराने सगळेच हातात दिले. काय ठेवू? (नाशिक)

इसबगोल ठेवा, पण साधी भुसी. ती विरघळणारी असून फारशी आंबत नाही, म्हणून गव्हाच्या कोंड्यासारखा वायू करत नाही. चहाचा अर्धा चमचा २०० मिली पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी थोडे पाणी घ्या. आठवड्याने एक चमचा करा. कमी पाण्यात घेतली तर ती घशात किंवा आतड्यात गोळा होते. इतर गोळ्यांपासून दोन तासांचे अंतर ठेवा. संत्र्याच्या स्वादाच्या पाकिटांत गोडी आणणारे पदार्थ असतात, ते वाचून घ्या.

प्रोबायोटिक सध्या कपाटात ठेवा. पथ्य आणि कॅप्सूल एकदम सुरू केले तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. शिवाय पाकिटावर ‘प्रीबायोटिक’, ‘इन्युलिन’, ‘एफओएस’ किंवा चिकोरी असेल तर तुम्ही कांद्यातले फ्रुक्टन विकत घेऊन गिळत आहात. प्रथिनांच्या पावडरीतही इन्युलिन सर्रास सापडते. पुढे हवेच असेल तर एकच निवडा. ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे १२ आठवड्यांपर्यंत पाहावे, फरक नसेल तर बंद करावे.

ग्लुटामाइन या अमिनो आम्लाचा एक चांगला अभ्यास २०१९ चा आहे, पण तो जंतुसंसर्गानंतर जुलाबाचा आयबीएस झालेल्या रुग्णांवर. तेवढ्यावरून सगळ्यांची आतडी ‘भरून निघतील’ असे म्हणता येत नाही. तुमच्या पैशांत ते शेवटी येते.

मल्टीव्हिटॅमिन चघळायची असेल तर घटक पाहा. सॉर्बिटॉल ४२०, मॅनिटॉल ४२१, आयसोमाल्ट ९५३, माल्टिटॉल ९६५, झायलिटॉल ९६७. गोडी आणणाऱ्या पदार्थांचे हे क्रमांक शुगर-फ्री खोकल्याच्या औषधावर आणि च्युइंगमवरही दिसतात. गोळीतल्या लॅक्टोजला मात्र घाबरून डॉक्टरांचे औषध थांबवू नका. ते बहुधा ग्रॅमच्या अंशात असते, आणि २०० मिली दुधात सुमारे ९-१० ग्रॅम. लोह फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, पाहूनच घ्यावे. मॅग्नेशियमने शौच पातळ होते, कॅल्शियम कार्बोनेटने बांधते. कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे.

पाच आठवडे झाले, पोट शांत आहे. असेच आयुष्यभर चालू ठेवू का? (बेळगाव)

नाही. कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो. पुढे तो लांबला तर आतड्यातले उपयोगी बिफिडोबॅक्टेरिया घटतात आणि कॅल्शियम, तंतू कमी पडतात. आता एकेक गट तपासायचा, बाकी जेवण पथ्याचेच. लॅक्टोजसाठी पहिल्या दिवशी ६० मिली दूध, दुसऱ्या दिवशी १२५, तिसऱ्या दिवशी २५०. मग दोन-तीन दिवस थांबून पुढचा गट. फ्रुक्टोजसाठी मध: एक चमचा, दोन, तीन. लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक. गहू, कांदा आणि लसूण वेगवेगळे तपासा. तिन्हींत फ्रुक्टन असले तरी अनेकांना पोळी सोसते, कांदा सोसत नाही. त्रास झाला तर तिथेच थांबा, पोट निवळू द्या. काही आठवड्यांनी त्याच पदार्थाची निम्मी मात्रा पुन्हा घेऊन पाहा, कारण सोसण्याची मर्यादा बदलत राहते.