‘सताव’ नको, ‘उत्पीडन’ नको. छळाला छळच म्हणा

नोव्हेंबरातल्या प्रार्थनादिवसासाठी मराठी पत्रक तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: श्रद्धेपायी जगभरातल्या ख्रिस्ती लोकांना जे सोसावं लागतं, त्याला मराठीत ‘सताव’ म्हणावं, ‘उत्पीडन’ की ‘छळ’? आणि ‘छळग्रस्त मंडळी’ (मंडळी म्हणजे चर्च) हा प्रयोग चालेल का?

छळ. दुसरा शब्द शोधत बसू नका.

‘सताव’ हिंदी पत्रकांतून जसाच्या तसा उचललेला आहे आणि तो सारखा कानांवर येतो. हिंदी बायबलमध्ये मत्तय 5:10 ला ‘सताए जाते हैं’ आहे आणि तिथे ते शोभतं. ‘सताना’चं मूळ संस्कृत ‘संतापन’. त्याच घरातला ‘संताप’ आपल्याकडे येऊन राग झाला. मराठीत ‘सतावणे’ आहे, पण डास सतावतात, दाढ सतावते, शंका सतावते. त्या क्रियापदाची धाव तेवढीच, आणि त्याचं ‘सताव’ असं नाम मराठी तोंडात कधी नव्हतंच. आपल्या बायबलात त्याच ओवीला सरळ ‘छळ’ आहे: नीतिमत्त्वाकरता ज्यांचा छळ झाला आहे ते धन्य.

‘उत्पीडन’ भारदस्त वाटतं म्हणून वापरलं जातं. पण ‘पीड्’ म्हणजे दाबणं, पिळणं. नव्या करारात त्या अर्थाचा ग्रीक शब्द वेगळाच आहे, ‘थ्लिप्सिस’. त्याला आपण ‘क्लेश’ म्हणतो: ‘जगात तुम्हांला क्लेश होतील’ (योहान 16:33). क्लेश दुष्काळानेही होतात, दुखण्यानेही होतात. छळामागे मात्र माणूस असतो. उत्पीडन लिहिलंत की या दोन शब्दांमधली भिंत पडते. पंडिता रमाबाईंएवढं संस्कृत आज आपल्यात कोणाला येतं? त्यांनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं तेव्हा खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी भाषा निवडली. पत्रक लिहिताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

छळासाठीचं ग्रीक क्रियापद ‘दिओको’. त्याचा पहिला अर्थ पाठलाग करणं. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर येशूचा ‘शौला, शौला, माझा छळ का करतोस?’ हा जो प्रश्न येतो, त्याचा शब्दशः अर्थ ‘माझ्या मागे का लागला आहेस?’ असा होतो, आणि शौल, म्हणजे पुढचा पौल, त्या घटकेला खरोखरच ख्रिस्ताच्या माणसांच्या मागे निघालेला होता. रोमकरांस पत्रात (12:13-14) तर हेच क्रियापद लागोपाठ दोनदा येतं. आतिथ्याच्या मागे लागा, आणि जे तुमच्या मागे लागलेत त्यांना आशीर्वाद द्या. मराठीत पहिल्याचं ‘तत्पर असा’ झालं, दुसऱ्याचं ‘छळ करणाऱ्यांना’. अर्थ बरोबर आले, जोडी मात्र फुटली.

इथे काही जाणकार आक्षेप घेतात. ‘छळ’ म्हणजे मुळात फसवणूक, त्यात पाठलाग कुठे? म्हणून तो शब्दच चुकीचा, असं त्यांचं म्हणणं. अर्धं खरं आहे. संस्कृत ‘छल’ म्हणजे कपट, बहाणा, निमित्त. गीतगोविंदात वामन बळीला ‘छलयसि’ तो याच अर्थाने, आणि हिंदीत ‘छल’ आजही तिथेच आहे. पण कपटाकडून जाचाकडे मराठी शब्द सरकला म्हणजे तो घसरला, हा निष्कर्ष मला अजिबात मान्य नाही. मराठीने त्यात एक अर्थ वाढवला आणि जुनाही हातचा सोडला नाही.

पुरावा ‘छळवाद’. ‘काय छळवाद मांडलाय!’ हे घराघरांत ऐकू येतं. यातला ‘वाद’ कुठून आला, हे विचारायला हवं. माझं उत्तर: न्यायशास्त्रातून, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातून. त्याच्या न्यायसूत्रांत 16 पदार्थांची, म्हणजे विचाराच्या विषयांची, यादी आहे. तिच्यात वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास आणि मग छल येतो. ‘वितंडवाद’ तिथून मराठीत उतरला यावर कोणी भांडत नाही. मग त्याच यादीतला छल ‘वाद’ला जोडून आला, असं म्हणायला अडचण कसली? न्यायसूत्रांतली छलाची व्याख्या अशी: बोलणाऱ्याच्या शब्दांना दुसराच अर्थ चिकटवून त्याचं म्हणणं हाणून पाडणं. उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘नवकंबल’ म्हणजे नवी घोंगडी असलेला. प्रतिपक्षी म्हणतो, नऊ घोंगड्या? याच्याजवळ तर एकच आहे! याला वाक्छल म्हणतात.

आता योहान 2:19 काढा. येशू म्हणतो: ‘हे मंदिर मोडून टाका, मी तीन दिवसांत उभारीन.’ बोलणं स्वतःच्या शरीराविषयी होतं, हे योहान लगेच सांगतो. पण मत्तय 26:61 मध्ये महासभेपुढे, म्हणजे यहुदी न्यायसभेपुढे, उभे राहिलेले दोघे साक्षीदार तेच वाक्य दगडमातीच्या मंदिरावर ढकलतात आणि त्याचा आरोप होतो. नवकंबलाची हीच तर युक्ती! पुढे रोमन सुभेदार पिलातासमोर ‘राजा’ या शब्दाचंही तेच झालं. शब्द पिळायचा, त्यातून गुन्हा काढायचा आणि मग माणसाला गाठायचं: कपट आणि जाच एकाच शब्दात बसतात ते असे. ग्रीक शब्दाला पाठलाग दिसतो, मराठी शब्दाला पाठलागाचं निमित्तही दिसतं.

आजच्या घटनांवर हा शब्द किती नेमका बसतो पाहा. चीनमधल्या चेंगदू इथल्या ‘अर्ली रेन’ मंडळीवर डिसेंबर 2018 मध्ये धाड पडली, शंभरावर माणसं धरली गेली. पाळक (पास्टर) वांग यी यांना वर्षभराने 9 वर्षांची शिक्षा झाली. आरोपपत्रात श्रद्धेचं नाव नाही. राज्यसत्ता उलथवण्याची चिथावणी आणि बेकायदा व्यवसाय, असे आरोप. तुर्कस्तानात इझमीरचे इव्हँजेलिकल पाळक अँड्र्यू ब्रन्सन ऑक्टोबर 2016 मध्ये पकडले गेले. तिथे दहशतवादी गटांना मदत केल्याचा ठपका होता. सुटका ऑक्टोबर 2018 मध्ये झाली. दोन्हीकडे निमित्त एक, रोख दुसरीकडे. ‘छल’ आणि ‘छळ’ एकाच खटल्यात.

म्हणूनच हा शब्द स्वस्त करू नका. शेजाऱ्याने प्रार्थनेच्या आवाजाची तक्रार केली, तर ती तक्रार आहे. वर्गात मुलं हसली, तर ती हेटाळणी किंवा कुचेष्टा. नायजेरियाच्या मध्यपट्ट्यात जमीन, पाणी, गुरं आणि धर्म यांची गुंतागुंत आहे, तिथे प्रत्येक हल्ल्याला डोळे मिटून ‘छळ’ लिहिलंत तर खऱ्या छळाच्या बातमीवरचाही विश्वास उडेल. जिथे खात्री नसेल तिथे ‘हल्ला’, ‘हत्या’ एवढंच लिहा. पारख एका प्रश्नाने होते: श्रद्धा सोडली असती तर हे थांबलं असतं का? फेब्रुवारी 2018 मध्ये नायजेरियातल्याच दापची गावातून 110 शाळकरी मुली पळवल्या. बहुतेक जणी महिन्याभरात परतल्या. धर्म सोडायला नकार देणाऱ्या ख्रिस्ती मुलीला तेवढं ठेवून घेतलं. इथे ‘छळ’ लिहिताना हात अडखळायचं कारण नाही.

एक अडचण खरी आहे. मराठीत ‘विवाहितेचा छळ’ आणि कार्यालयातला ‘लैंगिक छळ’ हेही रूढ आहेत, त्यामुळे नुसतं ‘छळ’ मथळ्यात टाकलं तर वाचक भलतीकडे जाईल. कारण जोडा: ‘श्रद्धेपायी छळ’, ‘ख्रिस्ताच्या नावासाठी छळ’. ‘धार्मिक छळ’ टाळा. त्यात धर्म छळ करणारा की छळ धर्मावरून, हे कळत नाही. मराठी वाचकाला ‘संतांचा छळ’ शाळेपासून ठाऊक आहे, त्यामुळे भक्तीपायी सोसणं म्हणजे काय ते त्याला वेगळं समजवावं लागत नाही.

राहिला ‘छळग्रस्त’. नको. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त: ‘ग्रस्त’ लागलं की करणारा नाहीसा होतो आणि आभाळातून संकट कोसळल्यासारखं वाटतं. ‘छळ सोसणारी मंडळी’ लिहा. दोन अक्षरं जास्त छापावी लागली तर लागू द्या.