विचारा बिनधास्त : जॅझ क्वार्टेट येतोय, लेकीला वर्कशॉपला पाठवू का?

प्रश्न : आम्ही पिट्सबर्गला असतो. लेक सातवीत आहे, शाळेच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवते. इथल्या एका कम्युनिटी आर्ट्स सेंटरमध्ये जॅझ क्वार्टेटची (चार वादकांच्या ग्रुपची) कॉन्सर्ट आहे आणि त्याच दुपारी मुलांसाठी वर्कशॉप. नोटेशन समोर असलं की ती मस्त वाजवते, कागद काढला की गप्प. म्हणते, मला सगळ्यांसमोर उभं करतील, मी नाही जाणार. पाठवू का? आणि आम्हा दोघांना जॅझमधलं ओ की ठो कळत नाही, संध्याकाळी नुसतं बसून काय करायचं? — एक आई

उत्तर : ताई, पाठवा. पण आधी घरी थोडी तयारी करून घ्या, कारण अशी दीड-दोन तासांची वर्कशॉप बऱ्याचदा फुकट जातात ती शिकवणाऱ्यांमुळे नाही, तर पोरं कोरी पाटी घेऊन येतात आणि सेल्फी काढून घरी जातात म्हणून.

साधारण होतं काय, तर ते चौघं आधी एखादी ट्यून वाजवून दाखवतात, मग प्रश्न, आणि मग कोण येतंय वर म्हणून मुलांना बोलावतात. तेव्हा बहुतेक वेळा बारा बारचा ब्लूज (बार म्हणजे चार बीट्सचा एक तुकडा) घेतात, कारण त्यात मुख्य कॉर्ड्स तीनच आणि कुठल्याही पोराला सामावून घेता येतं. आता इथे आल्टोवाल्या मुलांची हमखास गोची होते. पियानोवाला सांगतो "बी फ्लॅट ब्लूज", पोरगी आपल्या सॅक्सवर बी फ्लॅट धरते आणि सगळं बेसूर, की पुढे तोंड उघडायची हिंमतच होत नाही. आल्टो हे ई फ्लॅटचं वाद्य, त्यामुळे पियानोचा बी फ्लॅट म्हणजे तिच्या बोटांखालचा जी. एवढी एक गोष्ट तिला आधीच पक्की माहीत असू दे. जी, बी फ्लॅट, सी, डी, एफ हे पाच सूर (तिच्या सॅक्सवरचे हां) घरी रोज थोडे फिरवू दे, कागद न बघता.

आणि पाचही वापरायलाच पाहिजेत असं कुणी सांगितलंय! तीन सुरांची एक छोटी ओळ वाजवायची, थांबायचं, तीच परत वाजवायची, शेवट जरा बदलायचा. थांबायचं हे महत्त्वाचं बरं का, घाबरलेली मुलं श्वास न घेता वाजवत सुटतात. मेट्रोनोम (बीट मोजून देणारं यंत्र) मिनिटाला 120 बीट्सवर ठेवला तर बारा बार म्हणजे 48 बीट्स, म्हणजे चोवीस सेकंद. तिला हा हिशोब सांगा, की जगासमोर उभं राहायचंय ते चोवीस सेकंद फक्त. तरी नाही म्हणाली तर नको ओढू, पुढच्या रांगेत बसून बेसवाल्याची (ते उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) बोटं बघितली तरी पुष्कळ पदरात पडेल.

आता संध्याकाळचं. क्वार्टेट म्हणजे बहुतेक वेळा सॅक्स किंवा ट्रम्पेट, पियानो, डबल बेस, ड्रम्स. आधी सगळे मिळून मूळ ट्यून वाजवतात, तिला ते हेड म्हणतात, मग एकेकाचा सोलो, शेवटी परत हेड. लोकांना वाटतं सोलोत मनाला येईल ते वाजवतात, तसं नसतं, हेडचे जेवढे बार (बारा, नाहीतर बऱ्याचदा बत्तीस) तेवढंच आवर्तन खाली गोल गोल फिरत असतं, कॉर्ड्स त्याच क्रमाने येत राहतात आणि सगळे त्यावर. म्हणून सोपी युक्ती, सोलो चालू असताना मनातल्या मनात हेड गुणगुणत राहा. पहिल्यांदा हरवाल, हरकत नाही, ड्रमर बहुतेक वेळा आवर्तन संपताना काहीतरी खूण करतो, तिथे परत पकडा. एकदा ते पकडलं की सम आल्यावर मान हलते ना, तशी हलेल.

आणि ड्रमरच्या उजव्या हाताकडे बघा, मोठ्या झांजेवर टिंग-टिटिंग चाललेलं असतं ती राइड सिंबल. पूर्वी लय मुख्यतः पायातल्या बेस ड्रमवर धरायचे, ती वर या झांजेवर नेली ड्रमर केनी क्लार्कने, आणि हा केनी क्लार्क 1914 साली जन्मला तुमच्याच पिट्सबर्गमध्ये! पाय मोकळा झाला, मग मधेच धप्प करून सोलोवाल्याला डिवचायला तो कामी आला. दुसरा मोठा ड्रमर आर्ट ब्लेकीसुद्धा तिथलाच. आणि लेकीला हे नक्की सांगा, बिली स्ट्रेहॉर्न, एरल गार्नर, अहमद जमाल हे जॅझचे तिघंही मोठे पियानिस्ट पिट्सबर्गच्या वेस्टिंगहाउस हायस्कूलचे. शाळेच्या बँडला उगाच कमी समजू नये.

कम्युनिटी सेंटरमधलं जॅझ म्हणजे हौशी मामला असंही समजू नका. तुमच्याकडचंच मँचेस्टर क्राफ्ट्समेन्स गिल्ड बघा ना, बिल स्ट्रिकलंडने 1968 मध्ये वस्तीतल्या पोरांना मातीकाम शिकवायला सुरू केलेली जागा, 1987 पासून तिथे जॅझच्या कॉन्सर्ट होतात, आणि काउंट बेसी ऑर्केस्ट्रा या नावाजलेल्या जॅझ बँडने तिथे लाइव्ह रेकॉर्ड केलेल्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. हॉल म्हणाल तर साडेतीनशेच्या आसपास खुर्च्यांचा, म्हणजे वादकाच्या कपाळावरचा घाम दिसतो.

प्रश्न : माझा मुलगा पाच वर्षं तबला शिकतोय. अशा जॅझ वर्कशॉपला तबला घेऊन गेला तर चालेल का, की हसतील? — एक बाबा, न्यू जर्सी

उत्तर : हसणार नाहीत, पण न विचारता जोडी घेऊन धडकू नका, आधी आयोजकांना एक ईमेल टाका, कारण माइक, बसायला चौथरा, सगळंच बघावं लागतं. आपलं संगीत आणि जॅझ ही काय आजची सोयरीक नाही. अमेरिकन पियानिस्ट डेव्ह ब्रुबेकचा क्वार्टेट 1958 मध्ये भारतात आला होता तेव्हा मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर त्यांचं वाजवणं झालं होतं. आणि झाकीरभाई सॅक्सोफोनिस्ट चार्ल्स लॉइड आणि ड्रमर एरिक हार्लंडबरोबर 'संगम' या त्रिकुटात वाजवायचे, ते रेकॉर्डिंग मुलाला ऐकवाच, त्यात ड्रम्स आणि तबला एकमेकांच्या पायात पाय घालत नाहीत.

मुलाला सांगायची गोष्ट एकच, पूर्ण ट्यूनभर ठेका लावून बसायचं नाही, ड्रमर आहे त्यासाठी. "ट्रेडिंग फोर्स" म्हणून एक प्रकार असतो, चार बार एकाने, चार बार ड्रमरने, आपला सवाल-जवाबच की, तिथे जागा मागायची. बारचे चार बीट्स म्हणजे चार बार सोळा मात्रा, तीनतालाचं एक आवर्तन बरोब्बर बसतं त्यात! तिहाई घ्यायचा मोह होईलच, घेऊ दे, पण लय जरा झोकात असते तिथे, स्विंग म्हणतात ते, आपल्या सरळ दुगुनीने ती मोडते. आधी आठवडाभर नुसतं ऐकून टाळी द्यायची, बारच्या दोन आणि चार नंबरच्या बीटवर. एक आणि तीनवर दिली की लगेच कळतं पाहुणा नवा आहे.

प्रश्न : नातवाबरोबर अशाच कार्यक्रमाला गेलो होतो. वादन चालू असताना मध्येच लोक टाळ्या वाजवत होते, मला फार खटकलं. आणि एक जण मोठा बेस वाजवत होता तेव्हा आजूबाजूला चक्क गप्पा! ही कसली रीत? — एक आजोबा, ठाणे

उत्तर : काका, टाळ्या रीतीतच बसतात. एकाचा सोलो संपला की त्याला दाद द्यायची, ट्यून चालू असली तरी. आपण नाही का तान समेवर आली की वाहवा म्हणतो, गाणं थांबायची वाट थोडीच बघतो! गप्पांचं मात्र शंभर टक्के बरोबर बोललात. बेस सोलोला बाकीचे आवाज खाली आणतात, पियानो जवळजवळ गप्प, आणि लोकांना वाटतं इंटरव्हल झाला. पुढच्या वेळी खुशाल मागे वळून डोळे वटारा.

प्रश्न : नातू म्हणतो जॅझ अमेरिकेचं. माझे वडील सांगायचे की मुंबईत ताजमध्ये जॅझ वाजायचं आणि वादक सगळे गोव्याचे. खरं काय? — दादरच्या एक आजी

उत्तर : आजी, जन्म अमेरिकेतला, आफ्रिकन-अमेरिकन लोकांनी घडवलेलं संगीत आहे ते, त्यात नातू बरोबर. पण तुमचे वडीलही बरोबर. 1935 मध्ये लिऑन अॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमध्ये वाजवायला आला, मग टेडी वेदरफोर्डसारखे पियानिस्ट आले, आणि त्यांच्याकडून ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून आपले गोंयकार तयार झाले. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन आणि व्हायोलिन लहानपणीच शिकवायचे, त्यामुळे हात तयारच होता, फक्त कागद सोडून वाजवायला शिकायचं होतं (वरच्या पिट्सबर्गच्या पोरीसारखंच की हे). ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे अँटोनियो झेवियर वाझ, त्यातलं मोठं नाव. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल अशी या मंडळींची नोकरी. आपल्या सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो झिंगवणारा ब्रास ऐकू येतो ना, तो या लोकांचा. 'अलबेला' (1951) परत ऐका, नातवाला शेजारी बसवून. पुढे 1978 पासून मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला, पहिल्याच वर्षी अमेरिकेचा मोठा सॅक्सोफोनिस्ट सॉनी रोलिन्स आला होता.

प्रश्न : मी पुण्यात कीबोर्ड शिकतोय. इम्प्रोवायझेशनसाठी आधी थिअरी करू की आधी ऐकू? — एक कॉलेजकुमार

उत्तर : ऐक. एक सोलो निवड, लांबलचक नको, एकच आवर्तन. यूट्यूबवर स्पीड 0.75 कर आणि तो आधी तोंडाने गा, ला-ला करून, सूर न सूर. सगळ्या बारीक जागांसकट गाता आला की मगच कीबोर्डला हात लाव. थिअरीचं पुस्तक त्यानंतर उघड, तेव्हा त्यातलं अर्धं आधीच ओळखीचं निघेल. आणि कॉर्ड्सच्या नोटेशनचे फोटो पाठवून "हे बरोबर आहे का" विचारू नकोस बाबा, रेकॉर्डिंग पाठव.