सोलर बदलण्याआधी बोअरचे पाणी तपासून घ्या

आर. के. नगरमधील आपल्या घरचे २०० लिटरचे सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा संच, बोअरच्या पाण्यावर चालते, आता जेमतेम कोमट पाणी देते आणि विक्रेता संपूर्ण संचच बदला म्हणतो, असे आपण लिहिले आहे. आमच्या घरी हेच घडले होते, म्हणून सविस्तर लिहितो. मी अभियंता नाही. अंतिम निर्णय जाणकाराला छत दाखवूनच घ्यावा.

माझ्या मते किती लिटर आणि कोणती कंपनी हे प्रश्न नंतरचे आहेत. आधी प्रयोगशाळेतून पाण्याचा जडपणा मोजून घ्यावा. विक्रेते टीडीएसची पेन बुडवून आकडा सांगतात, पण तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा असतो. थर बसवतात ते मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि त्यांचे प्रमाण त्या आकड्यावरून कळत नाही. आमच्या सपाट पॅनेलमधील तांब्याच्या बारीक नळ्या या थराने तुंबल्या होत्या. सेवा कार्यालयाने पाण्याविषयी चकार शब्द न विचारता पुन्हा तसलेच पॅनेल बसवले आणि तेही तुंबल्यावर, जड पाण्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही, असे सांगून लेखी तक्रार घ्यायलाही नकार दिला. विकताना जे विचारले नाही, तेच कारण नंतर ग्राहकाच्या माथी मारणे हा सरळ अन्याय आहे. म्हणून वॉरंटीत जडपणाची मर्यादा किती, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

पाणी जड निघाल्यास काचेच्या निर्वात नळ्यांचा संच मला अधिक योग्य वाटतो, कारण त्या रुंद असल्याने साफ करता येतात आणि एखादी फुटली तर तेवढीच बदलता येते; मात्र घरात प्रेशर पंप असेल तर साधा नळ्यांचा संच तो दाब सोसत नाही. पावसाळ्यासाठी पर्यायी सोय हवीच. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला विजेची सुमारे ८ युनिट लागतात, म्हणजे टाकीतील २ किलोवॅटच्या विजेच्या कॉइलला चार तास. हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप हेच काम साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या विजेत करतो, पण तो महाग आहे आणि जड पाणी त्यालाही सोसत नाही. गॅस गीझर मात्र बंद न्हाणीघरात कदापि बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आपला सध्याचा संच काचेच्या नळ्यांचा असेल, तर प्रत्येक नळीचे खालचे बंद टोक पाहावे. तेथील चंदेरी डाग पांढरा पडला असेल, तर त्या नळीतील निर्वात पोकळी गेली आहे. अशा मोजक्याच नळ्या निघाल्या, तर त्या बदलून आणि टाकी साफ करून पाहावे. टाकी गळत नसेल, तर संपूर्ण संच बदलण्याची घाई करू नये.