जाती, प्रजाती आणि नोंदवहीतलं दगडफूल

यावल तालुक्यातल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: गावच्या जैवविविधता नोंदवहीत दयाळ पक्षी आहे आणि झाडाच्या सालीवरचं दगडफूलही. दोघांपुढे 'प्रजाती' लिहायचं की 'जाती'? आणि दोघांनाही 'धोका नाही' असा शेरा चालेल का?

ताई, 'जाती'च लिहा. वर्तमानपत्रांत सरसकट 'प्रजाती' छापतात, ते हिंदीचं वळण. मराठी विश्वकोशात अनेक जातींच्या गटाला प्रजाती म्हटलंय. म्हणजे कोप्सिकस ही प्रजाती आणि कोप्सिकस सॉलॅरिस, आपला दयाळ, ही जाती. तो गाणाऱ्या पक्ष्यांपैकी. पूर्वी त्याला कस्तुरांच्या कुलात धरत, आता माशीमारांच्या.

दगडफुलाचं मात्र नीट बघायला हवं. ते शैवाक आहे, म्हणजे कवक (बुरशी) आणि शैवल (शेवाळ) यांचा एकत्र संसार. नामकरणाच्या नियमानुसार शैवाकाचं शास्त्रीय नाव त्यातल्या कवकाचं असतं, शैवलाला त्याचं वेगळं नाव. त्यामुळे नोंद वनस्पतींत नको, कवकांत करा. शेवभाजीच्या काळ्या मसाल्यातलं दगडफूल प्रामुख्याने पार्मोट्रेमा पर्लाटम, पण बाजारच्या पुडीत इतर जातीही मिसळलेल्या असतात. याचंच जुनं नाव पार्मेलिया पर्लाटा. प्रजाती बदलली, स्त्रीलिंगी नावाच्या जागी नपुंसकलिंगी आलं, म्हणून 'पर्लाटा'चं 'पर्लाटम' झालं. आपल्याकडे 'काळी'चं 'काळं' होतं तसंच. मला ही गोष्ट फार आवडते.

आता शेरा. कोणत्या जीवाला किती धोका आहे ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत दयाळ 'लीस्ट कन्सर्न' वर्गात आहे. त्याला 'धोका कमी' म्हणा, 'धोका नाही' नको. पक्ष्यांच्या जवळपास सगळ्या ज्ञात जाती त्या यादीसाठी तपासल्या गेल्यात, शैवाकांच्या हजारो जातींपैकी फारच थोड्या. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या वाळूवरच्या झुडुपी रानात 'स्क्रब जे' नावाचा निळा पक्षी आणि क्लॅडोनिया परफोराटा हे शैवाक, दोन्ही राहतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण पक्ष्याला 1987 साली मिळालं, शैवाकाला 1993 साली. तोवर एकाही शैवाकाला ते नव्हतं. यादीत नाव नाही म्हणजे जीव सुखरूप आहे, असं मुळीच नाही.

म्हणून जाती ओळखली गेली नसेल तर 'शैवाक, जाती अनिश्चित' लिहा, आणि तपासणीच झाली नसेल तर 'मूल्यमापन नाही'. सोबत झाड कोणतं, साल कशी, हेही लिहा. पुढे जाती ओळखणाऱ्याला त्याचाच आधार होईल.